किल्ली कोणाकडे असते?

यंदाच्या दिवाळी अंकात कंधार आणि आसपासच्या गावांतल्या सार्वजनिक जागांवर एक विभाग आहे. वाचनालय, पार, बारव, नळयोजना, समाजमंदिर, स्मशानभूमी, तालीम, शाळेचं मैदान असं सगळं त्यात आलंय. लिहिणाऱ्यांकडे आम्ही इतिहास मागितला नाही. आपल्याकडे इतिहास मागितला की माणूस थेट राष्ट्रकूटांपासून सुरू करतो (तो मोह पुढे आम्हालाही आवरलेला नाही). आम्ही विचारलं ते एवढंच, की या जागेची किल्ली कोणाकडे असते?

उत्तरं मजेशीर आली. वाचनालयाची किल्ली समोरच्या किराणा दुकानात, त्यामुळे दुकान उघडं तोवर वाचनालय उघडं. समाजमंदिराची माजी सरपंचांच्या घरी, कारण नव्या सरपंचांनी ती मागितलीच नाही. पंपघराची किल्ली पाणी सोडणाऱ्याच्या कमरेला, आणि तो पाहुण्याकडे गेला की गाव कोरडं. एका गावात व्यायामशाळेची किल्ली हरवली आहे. कुलूप तोडायचं तर ठराव हवा आणि ठराव घ्यायचा तर गणपूर्ती हवी. स्मशानभूमीच्या शेडला दारच नसल्यानं तिथं हा प्रश्न कुणाला पडला नाही.

हसू येतं खरं. पण ही पत्रं ओळीनं वाचली की एक गोष्ट लक्षात येते. ज्या जागेची किल्ली ठरल्या माणसाकडे आहे आणि त्याला त्या कामाचं काही मिळतं, ती जागा चालू आहे. बाकीच्यांची अवस्था सांगायला नको.

तालुक्याच्या बातमीचे तीन ठरलेले साचे आहेत. पहिला भूमिपूजनाचा. त्यात कुदळ एक आणि हात अकरा. दुसरा लोकार्पणाचा, फीत आणि संगमरवरी पाटीसह. तिसरा निवेदनाचा: ‘आठ दिवसांत दुरुस्ती न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’, आणि खाली तहसील कार्यालयाच्या दारात कागद धरून उभ्या असलेल्या मंडळींचा फोटो. लोकार्पण आणि निवेदन यांच्यामध्ये बरीच वर्षं जातात. त्या वर्षांत कुणीतरी पहाटे उठून मोटर चालू केलेली असते, टाकी धुतलेली असते, डीपी जळाली म्हणून वायरमनच्या घरी चकरा मारलेल्या असतात. त्यातलं काही छापून येत नाही. आम्हीही छापलेलं नाही.

कंधारच्या मन्याड खोऱ्याला आपली बातमी आपण लिहायची सवय नाही असं मात्र कुणी म्हणू नये. भाई केशवराव धोंडगे यांनी ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालवलं. कंधारचे आमदार म्हणून विधानसभा गाजवली, 1977 मध्ये नांदेडचे खासदार झाले, आणि लेखकांच्या संमेलनात गुराख्याला कोण विचारतो म्हणून गुराखीगडावर गुराखी साहित्य संमेलन भरवलं. त्यांनी काढलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द आहे. शंभरी पार करून 1 जानेवारी 2023 रोजी ते गेले. त्यांच्या राजकारणावर वाद घालायला पुष्कळ जागा आहे. पण खेड्यातल्या माणसाचं काम ही बातमी असते, हे त्यांना कळत होतं. विकासकामांच्या आजच्या बातम्यांत ते काम सापडत नाही, गुत्तेदाराचं नाव तेवढं सापडतं.

आता राष्ट्रकूट. ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ हे त्या घराण्याचं बिरुद आणि लत्तलूर म्हणजे आजचं लातूर, असं अभ्यासक मानतात. कृष्ण तिसरा (939–967) याच्या नावामागे ‘कंधारपुरवराधीश्वर’ लागतं. म्हणजे नांदेड-लातूरच्या या पट्ट्यातली दोन गावं एका साम्राज्यानं आपल्या नावात मिरवली. कंधारला सापडलेल्या त्याच्या काळातल्या शिलालेखात इथली देवळं, अन्नछत्रं आणि जगत्तुंग समुद्र नावाचं मोठं तळं यांचे उल्लेख आहेत, आणि त्या तळ्याशी जोडलेल्या क्षेत्रपालाचाही. त्या क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे म्हणून जे अवशेष कंधारात आहेत, त्यातली नुसती पावलं पाहिली तरी ती केवढी असेल याचा अंदाज येतो. मूर्तीवर आपण खूप बोलतो. शाळेची सहल येते, फोटो निघतात.

आम्हाला त्या काळात दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल वाटतं. तेव्हाचे दानलेख वाचले तर पूजा-नैवेद्याच्या बरोबरीनं तुटल्या-फुटल्याच्या दुरुस्तीसाठीही जमीन किंवा उत्पन्न लावून दिलेलं दिसतं. देऊळ बांधलं आणि विषय संपला, असं नाही. दिवाबत्तीचं तेल कुठून येणार, भिंत खचली तर चुना कुणाच्या उत्पन्नातून, हे दगडावर कोरून ठेवायचे. शेजारच्या तेलंगण-कर्नाटकात तर ‘दशबंद’ इनामं होती. तळं बांधणाऱ्याला किंवा ते दुरुस्त ठेवणाऱ्याला त्यापोटी जमीन मिळे. तळ्याला दरवर्षी गाळ येणारच. बांधाला उंदीर-घुशी बिळं पाडणार, सांडव्यात झुडपं उगवणार. हे अपघात नाहीत, तळ्याचा तो नेमच आहे. म्हणून तळ्याबरोबर माणूस नेमावा लागतो, आणि माणूस नेमला की त्याच्या पोटाची सोय लावावी लागते. जगत्तुंग समुद्र हजारेक वर्षांनीही कंधारकरांच्या बोलण्यात आहे आणि पावसाळ्यात तो किती भरला याची चौकशी होते. त्यामागे कृष्ण तिसऱ्याइतकाच त्या नाव नसलेल्या माणसांचा हात आहे.

इथं थोडं थांबायला हवं, कारण जुन्या व्यवस्थेचं कौतुक करताना आपली जीभ नेहमी सैल सुटते. गावचा पाणवठा ‘गावचा’ होता म्हणजे कोणाचा होता? पाणवठ्याची वाट ज्यांनी झाडली, वेशीची राखण केली, मेलेली जनावरं ओढली, त्यांना त्या पाण्याला शिवायची मुभा नव्हती. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा ते तळं ठरावानं सर्वांना खुलं झालेलंच होतं. ठराव होता, पाणी नव्हतं. मराठवाड्यातल्या कितीतरी आडांवर यानंतरही अनेक वर्षं तेच चाललं. त्यामुळे ‘पूर्वी लोक आपलेपणानं गाव सांभाळायचे’ असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, लोक म्हणजे नेमके कोण? बऱ्याचदा उत्तर येतं: ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं ते. वतनं गेली, येसकरकी गेली, हे फार चांगलं झालं. पण ते काम कमी झालं नाही. त्या कामाला पगार लावायचा मात्र राहून गेला.

पैशांचं बोलायचं तर पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे गावासाठी दोन भाग पाडले गेले. 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. त्या मोकळ्या 40 टक्क्यांना अट अशी, की पगार आणि आस्थापनेवर तो खर्च करायचा नाही. त्यामागचं कारण समजतं. नाहीतर सगळा निधी नेमणुकांतच जिरला असता. पण परिणाम काय होतो तो बघा. वाचनालयाला नवी खोली बांधता येते, ती रोज उघडणारा माणूस ठेवता येत नाही. जलजीवन मिशन ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर झालं, घरोघरी नळ पोचवायचं ठरलं. पाइप आले, टाक्या उभ्या राहिल्या, काही ठिकाणी काम अर्ध्यावर राहिलं. जिथं पूर्ण झालं तिथंही पाणीपट्टी वसूल होत नाही. वसुली नाही म्हणून वीजबिल थकतं, आणि बिल थकलं की नळ कोरडा. मग ‘योजना फेल’ म्हणून निवेदन. अहो, महिन्याची पाणीपट्टी आपल्या मोबाइलच्या रिचार्जहून कमी असते! ती भरताना मात्र आपल्याला शासनाची आठवण येते.

वाचनालयांचं तर हसावं की रडावं कळत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग. 2012 नंतर थेट 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं आणि ‘ड’ वर्गाच्या वाट्याला वर्षाला 48,000 रुपये आले. महिन्याला 4,000. त्यात ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं. मोंढ्यात हमाली करणारा माणूस याहून जास्त कमावतो, आणि कमवावंच. निजामी राजवटीत सभा भरवायला परवानगी मिळत नव्हती, ‘गश्ती निशान 53’ चा धाक होता. तेव्हा मराठवाड्यात वाचनालयं हीच माणसं जमण्याची जागा होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते तिथूनच घडले. त्या वाचनालयांच्या वारसदारांना 2022 च्या वाढीनंतरही महिना चार हजारांत भागवावं लागलं. 17 सप्टेंबरला झेंडावंदन करून परतताना आपल्या गावच्या वाचनालयाच्या दारासमोर जरा उभं राहून बघा.

मग लोकांनी काय केलं? बरंच केलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभरचे कॅमेरे ती गाडी पाहायला आले. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ म्हणून वर्गणी जमवली आणि मांजरेचं साई-नागझरी भागातलं 18 किलोमीटर पात्र खोल-रुंद करायला घेतलं. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, सगळ्यांचा पैसा त्यात आहे. रेल्वे आठवते, वर्गणी विसरली जाते. परभणी जिल्ह्यात वालूरच्या लोकांनी आपली चक्राकार बारव गाळातून मोकळी केली. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या बारव मोहिमेमुळे महाशिवरात्रीला गावोगावच्या बारवांत दिवे लागतात. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं पडझडीतून सावरली गेली आणि तिथं महोत्सव भरू लागला.

या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहे, तरी एक बोचरी गोष्ट बोलतो. श्रमदानाचा एक दिवस देखभालीची जागा घेऊ शकत नाही. सकाळी सातला टोप्या वाटायच्या, दहापर्यंत झाडू मारायचा, पोहे खायचे आणि फोटो टाकायचा, याला आमचा विरोध नाही. पोहे आम्हीही खाल्ले आहेत. पण पुढच्या पावसाळ्यात त्याच बारवेत पुन्हा बाभळी उगवतात. तेव्हा येणाऱ्यांत बहुधा निम्मेही जुने नसतात. बारव एकदा उपसायला उत्साह पुरतो. दरवर्षी उपसायची तर एखाद्याला त्या कामाचा रोज द्यावा लागतो. वर्गणीच काढायची तर उपसण्यापुरती काढून भागत नाही, त्या माणसाच्या वर्षभराच्या पगाराची काढायला हवी. ती मिळवणं अवघड आहे, कारण तिच्यासाठी पाटी लावता येत नाही.

कंधारातच याचा पुरावा आहे. किल्ला राज्य शासनाचं संरक्षित स्मारक. रुंद खंदक, बुरूज, लाल महल, मलिक अंबरच्या आठवणी. 1631 मध्ये मोगलांच्या नसीरी खानानं तो घेतला, तेव्हा त्याच्या मजबुतीचा दबदबा दिल्लीपर्यंत होता. मन्याडच्या काठच्या या गावात हाजी सय्याह सरवरे मगदूम यांचा दर्गाही आहे. दर्ग्यात लोबान रोज जळतो, अंगण रोज झाडलं जातं. उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, पण उरूस नसतानाही तिथं माणूस असतो. किल्ल्यात माणूस पाहायला येतो आणि जातो. दगड दोन्हीकडे सारखेच. रोज काम असलेली माणसं एकीकडेच आहेत. किल्ल्याला निधी हवा, जरूर हवा. पण खंदकात प्लास्टिक टाकणारा हात आपल्याच गल्लीतला असतो, आणि तो अडवायला पुरातत्त्व खात्याचा अधिकारी नांदेडहून येईल अशी आपली समजूत आहे.

या जागांची गरज कधी कळते, तेही यंदा नोंदवायला हवं. ऑगस्ट 2025 मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली, लष्कर बोलवावं लागलं. पुढच्या महिन्यात तर मराठवाड्यातली उभी सोयाबीन पाण्यात बुडाली. अशा रात्री घर सोडून माणूस जातो कुठं? शाळेत, देवळाच्या सभामंडपात, मशिदीत, समाजमंदिरात. त्या इमारतीचं छत गळत असेल, संडासाला पाणी नसेल आणि दाराला कुलूप असेल, तर लेकराबाळांना घेऊन आलेल्या बाईनं भर पावसात किल्ली कुणाच्या घरी शोधायची? पूरग्रस्तांना मदत देणाऱ्यांच्या याद्या आपण छापतो. कोणत्या गावात कोणतं दार त्या रात्री लगेच उघडलं, तेही छापायला हवं.

म्हणून पुढच्या वर्षापासून या अंकात काही पानं गावांच्या देखभालीच्या हिशेबाला राखून ठेवत आहोत. ती पानं फुकट, त्यावर जाहिरात नाही. आपल्या गावच्या एका सार्वजनिक जागेचा वर्षभराचा जमाखर्च पाठवा. वर्गणी किती आली, दिवे-पाणी-झाडलोटीला किती गेली, ती जागा कोण सांभाळतं आणि त्याला महिन्याला किती देता. त्या माणसाची हरकत नसेल तर फोटोही पाठवा, हातात कागद न धरलेला. गटार, शौचालय, स्मशानभूमी यांचे हिशेब आधी छापू, कारण त्यांना दाता मिळत नाही. काही दिलं जात नसेल तर तेही तसंच लिहा. आकडा शून्य असला तरी छापला जाईल. मजकूर पोळ्यापर्यंत आमच्या पत्त्यावर पोचावा, म्हणजे अंक वेळेत छापखान्यात जाईल.