फूलनची गोष्ट कुठून सुरू होते?

परवा आमच्या भिशीत चंबळच्या दरोडेखोरांवरच्या जुन्या सिनेमांचा विषय निघाला. घोडे, मिशा, बंदुका! बोलता बोलता फूलनदेवीचं नाव आलं. "काय गं शूर बाई! चांगली अद्दल घडवली," एक मैत्रीण म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते 'शूर' काही पचेना.

मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थानच्या सीमेवरचं हे चंबळचं खोरं. पावसापाण्यानं कापलेल्या मैलोन् मैल घळी. एका राज्याचे पोलीस मागे लागले की नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात पसार व्हायचं. जमिनीची भांडणं, जातीची वैरं यातून माणसं या घळींत उतरायची. मग टोळी, लूट, खंडणीसाठी पळवापळवी. तिथले लोक त्यांना डाकू नव्हे, 'बागी' म्हणत. १९५५ मध्ये मारल्या गेलेल्या मानसिंगाचं नाव तर आदरानं घेत. १९६० मध्ये आपले गागोद्याचे विनोबा तिथं पायी फिरले, तेव्हा वीसेक बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९७२ मध्ये जयप्रकाशजींच्या पुढाकारानं शेकडो जण शरण आले. तरीही टोळ्या संपल्या नाहीत.

फूलन या टोळ्यांत आली ती नंतर. जालौन जिल्ह्यातल्या गरीब मल्लाह घरातली ही पोर. अकराव्या वर्षी तिला तिशीतल्या माणसाच्या गळ्यात बांधलं. मुलीच्या लग्नाचं वय तेव्हाही कायद्यानं पंधरा होतं! छळ सोसवेना म्हणून ती माहेरी आली, तर गावानं नावं ठेवली. बापाची जमीन नातेवाइकानं बळकावली, म्हणून भांडली तर तीच वाईट ठरली. पुढं टोळी, अत्याचार, आणि १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमई गावात तिच्या टोळीनं गोळ्या घालून मारलेले वीस पुरुष.

त्या वीस घरांतल्या बायकांचं काय? निकाल लागला २०२४ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी! एकाला जन्मठेप झाली. कित्येक विधवा वाट पाहतच गेल्या. फूलन १९८३ मध्ये शरण आली, खटल्याविना अकरा वर्षं तुरुंगात राहिली, १९९६ मध्ये खासदार झाली आणि २००१ मध्ये दिल्लीत घरासमोरच तिचा खून झाला. सांगा बरं, यात कोण जिंकलं?

आपण बंदूक हातात घेतलेली फूलन लक्षात ठेवतो, लग्नातली अकरा वर्षांची विसरतो. गेल्या वर्षी आमच्या वस्तीत आठवीतल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आई म्हणाली, "ताई, हुंडा नको म्हणतात. असं स्थळ परत येईल का?" तिला रागावून काय उपयोग? चार दिवस तिच्या ओट्यावर बसले, शाळेतल्या बाईंनाही सोबत नेलं. लग्न थांबलं. पोर आता नववीत आहे.

मैत्रिणींनो, आता कायद्यानं मुलगी अठराची हवी. शेजारी असं लग्न ठरत असेल तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणू नका. आधी त्या आईशी बोला. नाहीच ऐकलं तर १०९८ ला फोन करा. आणि आमंत्रण आलंच, तर अक्षता टाकायला तरी जाऊ नका.