विश्लेषण : फाशीच्या शिक्षेला कॅथलिक चर्चचा विरोध का?

एखादा भीषण गुन्हा उघडकीस आला की ‘फाशी द्या’ ही मागणी होतेच. कायदेही त्याच दिशेने जात आहेत. राज्य विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेल्या ‘शक्ती’ विधेयकात क्रूर बलात्कारासाठी मृत्युदंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत १८ वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कारासाठीही तो आहे; आधी ही वयोमर्यादा १२ होती. कॅथलिक चर्चची भूमिका याच्या नेमकी उलट आहे.

भूमिका काय?

चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने अतिगंभीर गुन्ह्यांत फाशीला वाव ठेवला होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये तो जवळपास संपवला. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी परिच्छेद २२६७ बदलून मृत्युदंड ‘अस्वीकार्य’ ठरवला. कारणे दोन: घोर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा संपत नाही आणि तुरुंगात ठेवूनही समाजाचे रक्षण होऊ शकते.

चर्चचा स्वतःचा इतिहास?

तो स्वच्छ नाही. पोपच्या राज्यात १८७० पर्यंत देहदंड दिला जात होता आणि व्हॅटिकनच्या कायद्यात ही शिक्षा १९६९ पर्यंत होती. त्यामुळे या भूमिकेकडे उपदेश म्हणून न पाहता उशिरा आलेले शहाणपण म्हणून पाहणे योग्य.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोडा, खून व बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सर्वांना निर्दोष सोडले. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला. मधल्या काळात फाशी झाली असती, तर ही भरपाई घ्यायला कोण उरले असते?

हा विचार परका आहे का?

नाही. औंढा नागनाथशी जोडलेल्या एका आख्यायिकेत नामदेव आधी दरोडेखोर होते. आपल्याच हातून मारल्या गेलेल्या माणसाच्या विधवेचा आक्रोश या मंदिरात ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला, असे ती सांगते. अनेक अभ्यासक व वारकरी ही कथा मानत नाहीत. तरी मारेकरीही बदलू शकतो, हा विश्वास या मातीतही आहे, हे तीतून दिसते.

मग पीडितांचे काय?

त्यांचा संताप न्याय्यच आहे. पण त्यावर फाशीचे कलम वाढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे: सरकारला त्यासाठी न तपास सुधारावा लागतो, न न्यायवैद्यक प्रयोगशाळा, न साक्षीदारांचे संरक्षण. गुन्हेगाराला धाक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीचा. ती खात्री आणि खरी, दीर्घ जन्मठेप मिळाली, तर पीडितेला न्याय मिळेल आणि चूक झाल्यास ती सुधारण्याची वाटही उघडी राहील.