अंगणातला धोंडा

एम.एस्सी.ला असताना सरांबरोबर पहिल्यांदा मावळात फिल्डवर गेले, तेव्हा एका वाडीत आम्ही पाण्यासाठी थांबलो. अंगणात कमरेएवढा काळा धोंडा होता आणि घरातल्या आजींनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. सरांनी विचारलं, "हा इथे कसा आला?" आम्ही बेसाल्ट, झीज, सांधे असं पुस्तकातलं सगळं सांगून टाकलं. सरांनी घरामागच्या कड्याकडे बोट दाखवलं. "तिथून. वाहत आला."

वाहत, हा शब्द मला पुरता कळायला पुढची अनेक वर्षं लागली. दरडींच्या अभ्यासात नोकरीची ३१ वर्षं घालवून मी निवृत्त झाले. त्या सगळ्या कामातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच: दरड कुठे सुटेल याच्या याद्या आपण करतो, पण सुटलेली दरड कुठवर जाईल हे क्वचितच आखतो. माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या जागी.

३० जुलै २०१४च्या सकाळी माळीणला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातलं तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी घरांवर आलं ते वरच्या उतारावरून. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नावच नव्हतं, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितलं.

सह्याद्रीत कातळावर मुरूम आणि मातीचा थर असतो. लागोपाठ काही दिवस पाऊस झाला की तो थर पाणी पिऊन फुगतो; खालचा कातळ मात्र पाणी सहज आत घेत नाही. मधल्या फटींत पाण्याचा दाब वाढतो आणि मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते. दरडी सुटण्यामागचं हे पाण्याच्या दाबाचं गणित कार्ल टेर्झागी यांनी १९५० सालीच मांडून ठेवलं आहे. पुढचा प्रवास जास्त भयानक. सुटलेली माती ओहोळात शिरली की तिचा लोंढा होतो. वाटेतले धोंडे, झाडं, बांध उचलत तो वाढत जातो आणि ओल्या काँक्रीटसारखा धावतो. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी सुमारे १,५५० मीटर उंचीवर सुटलेला मलबा नदीच्या पात्रातून ८ किलोमीटर खाली गेला.

आपण मराठीत 'दरड कोसळली' म्हणतो. कोसळणं म्हटलं की वरून पडून तिथेच थांबलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. म्हणून कड्यापासून अर्धा किलोमीटर दूर, जवळजवळ सपाट माचीवर राहणाऱ्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पण ओहोळाच्या तोंडाशी असलेल्या अशा कित्येक माच्या सपाट झाल्या त्या मुळी जुन्या लोंढ्यांनी आणलेल्या मलब्यामुळेच. अंगणातला धोंडा ही त्याची साक्ष.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका वाडीची पाहणी माझ्याकडे आली. घरांखालची जमीन सुरक्षित आहे का, एवढाच प्रश्न होता. मी उतार मोजला, माती तपासली आणि धोका नसल्याचं लिहून दिलं. दोन पावसाळ्यांनी वरच्या ओहोळातून चिखल आला आणि कडेचे दोन गोठे जनावरांसकट गेले. माणसं शेजारच्या वाडीत लग्नाला गेली होती, म्हणून वाचली. मी परत गेले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "ताई, तुमी आमची जमीन मोजली. ती कुटं हालनार व्हती? हालली ती वरची." मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर एकही पाहणी मी ओहोळाच्या उगमापर्यंत चढून गेल्याशिवाय पुरी केली नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातल्या दरडप्रवण डोंगराळ भागाचे नकाशे तयार केले. ते मोठं काम आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण त्यांचं प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. २० मीटर रुंदीचा ओहोळ त्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होतो. त्या नकाशावर तालुक्याचं नियोजन करता येईल. कोणतं घर वाटेत आहे, हे ठरवता येणार नाही.

जपानने हे कायद्याने केलं. १९९९ साली हिरोशिमात झालेल्या दुर्घटनांनंतर तिथे कायदा आला. डोंगरातून येणारा ओढा जिथे मोकळ्या जागी उतरतो, तिथून खाली जमिनीचा उतार २ अंशांपर्यंत येईतो सगळा पट्टा धोक्याचा म्हणून पिवळा रंगवतात. २ अंश म्हणजे आपल्या डोळ्यांना सपाटच. त्यात जिथे घर मोडण्याइतका जोर येऊ शकतो, तो भाग लाल. लाल पट्ट्यात बांधकामावर निर्बंध, पिवळ्यात इशारा आणि बाहेर पडण्याची तयारी.

आपल्याकडे यावर पहिला आक्षेप येतो तो पुनर्वसनाचा. डोंगरातली सगळी गावं उचलायची कुठे? लोकही तयार नसतात. शेत वर, गुरं वर, देव वर. दूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहून जगायचं कशावर? हा आक्षेप खरा आहे. पण लोंढ्याची वाट आखली की पूर्ण गाव हलवावं लागतंच असं नाही. एखाद्या वाडीतली ओहोळाच्या तोंडाशी असलेली आठ-दहा घरं त्याच शिवारात बाजूच्या सोंडेवर नेता येतात. बाकीच्यांनी अतिवृष्टीच्या मोजक्या रात्री शाळेत काढायच्या, आणि ती शाळा लोंढ्याच्या वाटेत नसावी.

म्हणून मागणं तीन गोष्टींचं. डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीचा घर न् घर दिसेल असा नकाशा करा, त्यावर लोंढ्याची वाट आखा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. वाटेत येणाऱ्या जागेवर नवीन घरकुल मंजूर करू नका. आणि वाडीत एक पर्जन्यमापक देऊन, ठरलेला आकडा ओलांडताच घरं रिकामी करायचा अधिकार गावातल्याच माणसांना द्या. २२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा रात्री तालुक्याच्या आदेशाची वाट पाहायला वेळ नसतो. ओहोळाचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा भर पावसात कमी झालं, नव्या जागी झरा फुटला, वरच्या रानात भेग पडली, तर ते पहिल्यांदा गुराख्याला दिसतं. त्याचं ऐकून निर्णय घेणारं माणूस वाडीतच हवं.

सरांचा प्रश्न मी पुढे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला विचारला. आता तो ग्रामसेवकाने, तलाठ्याने, घरकुलाची जागा पाहायला येणाऱ्या अभियंत्याने विचारावा. धोंडा अंगणातच आहे. तो कुठून आला हे कळलं, की पुढचा कुठून येईल हेही दिसायला लागतं.