वीज सर्वांना हवी, विजेचा अभियंता कोणाला?

दरवर्षी सामायिक प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, की राज्यातील घराघरांत अभियांत्रिकीच्या पसंतीक्रमाचा खल सुरू होतो. गेल्या काही वर्षांत या यादीचे वरचे रकाने जवळजवळ ठरूनच गेले आहेत. आधी संगणक, मग माहिती तंत्रज्ञान, त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा डेटा सायन्स आणि यांपैकी काहीच पदरात पडले नाही, तर 'इलेक्ट्रिकल'. विद्युत अभियांत्रिकीच्या पहिल्या दिवसाच्या वर्गात बसलेल्या अनेकांच्या मनात म्हणूनच आनंदापेक्षा हुकलेल्या शाखेची हळहळ अधिक असते. एखाद्या विद्यार्थ्याची निराशा हा खासगी प्रश्न झाला. परंतु वीजव्यवस्था तिच्या स्थापनेपासूनच्या सर्वांत मोठ्या स्थित्यंतरातून जात असताना ती सांभाळू पाहणारी पिढीच मन मारून घडत असेल, तर तो सार्वजनिक चिंतेचा विषय ठरतो.

वास्तविक या शाखेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. पुढे कोयना प्रकल्पाने राज्याच्या औद्योगिक वाढीला बळ दिले. या सगळ्यामागे अभियंत्यांच्या पिढ्या उभ्या होत्या आणि वीज मंडळातील नोकरी ही मध्यमवर्गीय घरात अभिमानाची गोष्ट होती.

आज चित्र पालटले आहे आणि त्याचा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शैक्षणिक कर्ज काढून शिकणारा मुलगा पहिल्या नोकरीचा पगार पाहणार, हे स्वाभाविकच आहे. सॉफ्टवेअर कंपन्या महाविद्यालयात येतात, एका दिवसात अनेकांची निवड करतात आणि त्यासाठी शाखेची अटही फारशी घालत नाहीत. याउलट ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या निर्मिती, पारेषण आणि वितरण कंपन्यांतील भरतीची वाट पाहावी लागते. जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, नेमणूक कधी मिळेल, याचा भरवसा नसतो. खासगी ठेकेदारांकडे काम मिळते. पण सुरुवातीचा पगार बेताचा आणि नेमणूक आडगावी. तेव्हा इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरणारा तरुण आपल्या परीने हिशेबीपणेच वागत असतो.

प्रवेशाची व्यवस्थाही याच दिशेने झुकली आहे. चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांसाठी एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून उठवली. मागणी संगणकाला असल्याने वाढीव जागांचा ओघ तिकडेच जाणार, हे उघड होते. संगणकाच्या वर्गात चार फळे आणि चार संगणक वाढवून भागते. विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा मात्र महाग असते, जागा खाते आणि तिची निगा राखावी लागते. संस्थाचालकाने कुठे गुंतवणूक करावी, याचे उत्तर त्यामुळे आपोआप ठरते.

या पदवीचा खरा कस लागतो तो याच प्रयोगशाळेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी विद्यार्थी रोहित्राच्या चाचण्या घेतो, मोटरचा वेग बदलून पाहतो, संरक्षक रिले कधी काम करतो ते तपासतो. त्यातला एक प्रयोग जुन्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे आठवत राहतो. फिरते जनित्र चालू वीजपुरवठ्याशी जोडायचे असते. दोन्हींचा दाब, वारंवारता आणि फेज यांचा मेळ बसत आला, की मध्ये लावलेले दिवे हळूहळू मंद होतात आणि ते पूर्ण विझलेल्या क्षणी स्विच टाकायचा. क्षण चुकला, तर यंत्राला जबर हिसका बसतो. देशातील सर्व जनित्रे एकाच तालात का फिरावी लागतात, हे पुस्तकाच्या वीस पानांनी कळत नाही ते त्या क्षणी हाताला कळते. पण एका पॅनेलभोवती वीस जण उभे असतील, एकाने मूठ फिरवायची आणि बाकीच्यांनी आकडे उतरवून घ्यायचे असा प्रकार असेल, तर फाइल पूर्ण होते, शिक्षण होत नाही. परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांचे श्रेयांक १६० वर आणले. ओझे कमी व्हावे आणि हाताने करण्यास वेळ मिळावा, हा त्यामागचा विचार होता. मात्र त्याच वर्षी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीस असे सैल करण्यात आले. प्रयोगशाळेत त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

हे सारे आताच का महत्त्वाचे, याचे उत्तर विजेच्या बदलत्या स्वरूपात आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले आणि सारा भारत सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच वारंवारतेवर चालू लागला. हे जाळे उभारले गेले ते कोळशाच्या आणि पाण्याच्या जनित्रांवर. औष्णिक केंद्रातील मिनिटाला ३,००० फेरे घेणारे अवजड चक्र स्वतःच ऊर्जेचा साठा असते. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर इतर चक्रांची ही गती काही सेकंद जाळ्याला सावरून धरते. सौरऊर्जेत असे फिरते चक्र नाही. तेथे इन्व्हर्टर आहे आणि तो जसा आखावा तसाच वागतो. जून २०२५ पर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा जीवाश्म इंधनाखेरीजच्या स्रोतांचा झाला. महाराष्ट्रातही कृषिपंपांच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची योजना २०२३ पासून नव्या स्वरूपात राबवली जात आहे. हे स्वागतार्हच आहे. पण सौर पट्ट्या बसवणे सोपे आणि त्यांच्यासह जाळे स्थिर राखणे कठीण.

ते किती कठीण, हे २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालने अनुभवले. जाळ्यातील विद्युतदाब वाढत गेला, एकामागून एक निर्मिती केंद्रे बाहेर पडली आणि काही सेकंदांत दोन्ही देश अंधारात गेले. दाब आवरण्यासाठी लागणाऱ्या रिअॅक्टिव्ह पॉवरचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला आणि हा विषय आपल्याकडील तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातलाच आहे. आपल्यालाही असे धडे मिळाले आहेत. जुलै २०१२ मध्ये सलग दोन दिवस उत्तरेकडील जाळे कोसळले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण वाहिन्या बंद पडून मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराला मुख्य जाळ्यापासून अलग करून वाचवण्याची 'आयलँडिंग' व्यवस्थाही त्या दिवशी अपेक्षेप्रमाणे चालली नाही.

अर्थात, संगणक विरुद्ध वीज असा सामना लावण्यात हशील नाही. आजचे रिले अंकीय आहेत, उपकेंद्रांचे नियंत्रण दुरून होते आणि इन्व्हर्टरचे वागणे प्रोग्रॅम ठरवतो. विद्युत अभियंत्याला प्रोग्रॅमिंग यायलाच हवे. उलट, विजेचे शास्त्र ठाऊक नसलेल्याने लिहिलेला प्रोग्रॅम उपकेंद्रात धोक्याचा ठरू शकतो. या दोन्ही विद्या एका हाती असणारा पदवीधर दुर्मीळ आहे आणि पुढील काळात त्याचीच गरज सर्वाधिक भासणार आहे.

त्यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. प्रयोगशाळेतील गट लहान करून प्रत्येक विद्यार्थ्याचा हात यंत्राला लागेल, याची तपासणी मान्यतेच्या वेळी व्हावी. शेवटच्या वर्षातील एक सत्र उपकेंद्रात, निर्मिती केंद्रात किंवा भार प्रेषण केंद्रात काढणे बंधनकारक करावे. केवळ प्रमाणपत्रापुरती 'इंटर्नशिप' नको. तिसरी गोष्ट सरकारच्या हाती आहे. तिन्ही वीज कंपन्यांनी अभियंता भरतीचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करावे आणि ते पाळावे. नोकरी कधी मिळेल हे ठाऊक असेल, तर थांबण्याची तयारी असणारे विद्यार्थी आजही आहेत.

एक चांगला संरक्षण अभियंता तयार होण्यास पदवीची चार वर्षे आणि त्यानंतर अनुभवाची काही वर्षे लागतात. पुढच्या दशकात जाळे सांभाळणारे आज पहिल्या वर्षाच्या वर्गात बसले आहेत. पसंतीक्रमात इलेक्ट्रिकल कितव्या स्थानी होते, हे त्यांनी विसरावे अशी परिस्थिती निर्माण करणे ही जबाबदारी मात्र त्यांची नाही.