उचलता टप आणि पावसाची झड

वाचकहो, मोटारगाडीलाच घर करून सहकुटुंब प्रवासास निघण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही वाढू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. अशा गाड्यांत एक प्रकार उचलत्या टपाचा असतो. गाडी धावत असता टप खाली बसलेला असतो. मुक्कामी तो वर उचलला, की भोवती जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात. खाली ताठ उभे राहता येते आणि वर निजण्यापुरती जागा होते. सोय मोठी खरी. परंतु घर जितके हलके, तितकी त्याची वाऱ्यापावसाशी गाठ अवघड. ही गाठ कशी सोडवावी, याचा धडा गेल्या आश्विनात हेब्बाळ येथील आमच्या अंगणात मिळाला.

माझी थोरली बहीण, तिचे यजमान, दोन मुले आणि वृद्ध सासूबाई अशी पाच माणसे बेळगावहून रामेश्वरास निघाली होती. सासूबाईंना आम्ही सारे माई म्हणतो. रामेश्वराचा नवस त्यांनी यजमान हयात असताना बोलला होता. तो फेडावयाचा राहिला, ही रुखरुख त्यांच्या मनास लागून होती. वाटेत विसाव्यासाठी ही मंडळी आमच्याकडे उतरली. गाडीची सवय व्हावी म्हणून रात्री सर्वांनी गाडीतच निजण्याचे ठरविले.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि त्याला दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. आश्विनातील संध्याकाळचा पाऊस येथे वाजतगाजत येतो. त्या रात्री तो आला आणि दोनच्या सुमारास माईंच्या अंथरुणावर वरून पाणी ठिबकू लागले. सकाळी त्यांना खोकला झाला होता. “मला बेळगावास पोहोचवा, देवाची इच्छा नाही,” एवढेच त्या म्हणाल्या.

बहिणीचे यजमान कामास लागले. गळती शोधण्याची रीत आपणही ध्यानात ठेवावी. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी ओतावे. मात्र सुरुवात खालच्या शिवणीपासून करून हळूहळू वर जावे. आरंभीच वरून पाणी सोडले, तर ते सर्वत्र ओघळते आणि दोष कोठे आहे ते कळत नाही. ओल दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. आमच्या तपासणीत कापड निर्दोष ठरले. पाणी येत होते ते शिवणीच्या सुईछिद्रांतून, खिडकीच्या चेनीतून आणि कापड व टप जेथे मिळतात त्या कोपऱ्यातून. यजमानांनी शिवणींवर जलरोधक लेप दिला, चेनीवर कापडाची झडप शिवून घेतली आणि टपाच्या कडेची कडक झालेली रबरी पट्टी बदलली. अशा पट्टीस रॉकेल किंवा खनिज तेल लावू नये. त्याने रबर फुगते व लवकर निकामी होते.

दुसऱ्या रात्री सर्व खिडक्या घट्ट लावून मंडळी निजली. पाऊस पुन्हा आला. सकाळी पाहतात तो कापड आतून ओलेच, गादीची खालची बाजूही दमट! यजमान हताश झाले. तेव्हा माईंनी कापडावरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, “अरे, भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटते, ते काय बाहेरून येते?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. निजलेला माणूस श्वास व घाम यांवाटे एका रात्रीत सुमारे पाव लिटर पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचे लिटरभर झाले. बाहेरच्या पावसाने गार पडलेल्या कापडास ही वाफ लागली, की तिचे दवबिंदू बनतात. पावसाला बंद केलेल्या दारांनी आपल्याच श्वासाला आत कोंडले होते.

उपायही माईंनीच सांगितला. त्यांचे माहेर कोकणातले. तेथे पावसाळ्यापूर्वी मातीच्या भिंतींपुढे झावळ्यांचे झाप बांधतात. झड झापावर आदळते, पाणी खाली उतरते. भिंत मागे कोरडी राहते आणि मधल्या फटीतून वाराही खेळतो. त्याच न्यायाने आम्ही टपावर ताडपत्री ताणली. ती कापडाला टेकू दिली नाही, मध्ये चार बोटे अंतर ठेवले. तिच्या कडा भिंतींच्या बाहेर वळचणीसारख्या काढल्या, म्हणजे पागोळ्या दूर पडाव्यात. वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी खालून व दुसरी वरून वीतभर उघडी ठेवली. पाण्याला अडवून भागत नाही, त्याला जाण्यास वाट द्यावी लागते, हवेचेही तसेच.

वाऱ्याचा विचार निराळा करावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून एका बाजूस बिजागरी असलेल्या टपाची बिजागरीकडील, म्हणजे ठेंगणी, बाजू वाऱ्याकडे करून गाडी उभी करावी. बंगळुरात जून ते सप्टेंबर वारा बहुधा पश्चिमेकडून, तर पुढे हिवाळ्यात पूर्वेकडून असतो. वळवाच्या वादळाचा मात्र नेम नसतो. टप थरथरू लागला, की ताडपत्री सोडून टप खाली घ्यावा आणि सर्वांनी खालीच दाटीवाटीने निजावे. त्यात कमीपणा नाही.

आणखी तीन गोष्टी. थंडी वाजली म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाही आणि तो झोपेतच प्राण घेतो. ओला टप मिटावा लागला, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावा. नाहीतर बुरशी धरते. आणि साध्या गाडीचे छप्पर कापून असा टप बसविण्याचा विचार असेल, तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही.

तिसऱ्या रात्रीही पाऊस पडला. पहाटे मी दार उघडले, तेव्हा माई गाडीच्या पायरीवर बसून वेणी घालीत होत्या. मी अंथरुणास हात लावून पाहिला. ते कोरडे होते. “रामेश्वर येथून किती दूर?” त्यांनी विचारले. बेळगावचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

वाचकहो, आपणही असे चालते घर घेऊन निघणार असाल, तर पहिली पावसाळी रात्र आपल्याच अंगणात काढावी. तेथे चूक झाली तर अंथरूण भिजेल, यात्रा मोडणार नाही.