फ्रिजच्या प्लॅस्टिकचं मिग

"वीकेंडला काय प्लॅन?" हा प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी तुम्हालाही कुणीतरी विचारतच असेल. उत्तरंही ठरलेली. पिक्चर, लोणावळा, नाहीतर सरळ बारा वाजेपर्यंत झोप. माझं उत्तर गेले काही महिने जरा विचित्र आहे. शनिवारी सकाळी मी पुण्याहून दौंडची गाडी पकडते आणि काकांच्या डायनिंग टेबलवर मिग-२१ चं पोट बांधते. पोट म्हणजे फ्यूजलाज. नाकापासून शेपटीपर्यंतचा तो लांबलचक नळा, ज्याला पंख चिकटतात आणि ज्यात पायलट बसतो.

यावर पहिला प्रश्न येतो, "उडतं का गं?" नाही उडत. पुण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना सदानंद काळे यांचे एरोमॉडेलिंगचे शो पाहिलेत. ती विमानं उडण्यासाठीच बनतात, म्हणून हलकीफुलकी. आमचं विमान शोकेसमधलं. त्याने फक्त खऱ्यासारखं दिसायचं.

दुसरा प्रश्न, "मग किट का नाही विकत घेत?" इथे खरा फंडा आहे. किटमध्ये साच्यातून निघालेले, नंबर लावलेले तुकडे असतात. तुम्ही जोडायचे, रंगवायचे, झालं. पण बाजारात मिगची किट्स मिळतात ती १:७२, १:४८ अशा मापांची. १:३२ म्हणजे त्यातलं मोठं समजतात. आणि काकांना हवंय १:१०. पिटो नळी धरली तर जवळपास दीड मीटर! असं विमान डब्यातून येत नाही. कोरी प्लॅस्टिकची शीट आणायची आणि एकेक तुकडा स्वतः मोजून, कापून, वाकवून घ्यायचा. याला म्हणतात स्क्रॅच-बिल्डिंग. इंग्लंडच्या हॅरी वुडमन यांनी तर १९७५ मध्ये प्लॅस्टिकच्या शीटपासून विमानं बनवण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे हे वेड काही आमच्याच घरातलं नाही.

काका मूळचे दौंडचेच, पण आयुष्य गेलं नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलमध्ये. मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ मध्ये, आणि त्याचं उत्पादन इथेच करायचं म्हणून १९६४ मध्ये ओझरचा विभाग सुरू झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. काका तिथे १९७६ मध्ये फिटर म्हणून लागले. पुढे 'बिस' हा प्रकार आला, त्याच्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. आपण ओळखीचा माणूस पाठमोरा ओळखतो ना, तसे काका मिग पाठीवरून ओळखतात. बिसच्या पाठीवरचा उंचवटा जाड, जुन्या एफएलचा सडपातळ. फोटो दाखवला की एका सेकंदात निकाल.

आता काका सत्तरीचे आहेत आणि त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तो कार्यक्रम आम्ही त्यांच्या घरी टीव्हीवर पाहिला. शेजारचे एक गृहस्थही आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते सहज म्हणाले, "गेली एकदाची उडती शवपेटी." काका काहीच बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटावरून कागदांची गुंडाळी काढली. जुन्या मासिकांतून कापून ठेवलेली ड्रॉइंग्ज (कारखान्यातली नव्हेत, त्या बाबतीत काका एकदम कडक). मला म्हणाले, "बाळ, तुझे हात स्थिर आहेत ना?"

तर अशी माझी नेमणूक झाली.

पहिली अडचण मालाची. परदेशी मॉडेलवाले पोस्टकार्डाएवढ्या पॅकेटात येणारी पॉलिस्टायरिनची शीट वापरतात. त्या भावाने दीड मीटरचं विमान बनवायचं तर माझा पीएफ काढावा लागेल, आणि फ्रीलान्सरला पीएफ नसतो. मग काकांनी घरातल्या फ्रिजचं दार उघडलं आणि आतल्या पांढऱ्या भिंतीवर टिचकी मारली. "हेच ते. हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिन." फ्रिजचं आतलं अस्तर बरेचदा याच प्लॅस्टिकचं असतं. शीट गरम करून, हवा खेचून साच्यावर बसवलेली. आणि फ्रिज बनतात कुठे? आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत.

लगेच पुढच्या शनिवारी आमची वरात निघाली. दौंडहून चौफुला, तिथून पारगावला भीमा ओलांडून न्हावरामार्गे शिरूर. दोन्ही बाजूंना ऊस आणि काकांचा अखंड तास, विषय रिव्हेट. शिरूरला पॅकिंगचे ट्रे बनवणारं एक छोटं वर्कशॉप आम्हाला चौकशी करत करत सापडलं. तिथल्या दादांनी आधी विचारलं, "कसला बॉक्स बनवायचाय?" काका म्हणाले, "विमान." दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्यांनी कोपऱ्यातल्या कापून उरलेल्या शीट दाखवल्या. दीड मिलिमीटरच्या सांगाड्यासाठी, अर्ध्या मिलिमीटरच्या कातडीसाठी. किलोवर घेतल्या. दोन मोठ्या पिझ्झांच्या पैशात अख्ख्या मिगचा माल!

आता बांधणी. खरं विमान म्हणजे भरीव ठोकळा नसतो. आडव्या गोल फ्रेम, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या आणि वरून पातळ पत्रा. ताकद या तिघांत मिळून असते. आमचंही तसंच. जाड शीटमधून आधी बाजूने दिसणारी आकृती कापायची, हा कणा. मग प्रत्येक फ्रेमचे दोन अर्धे कापून कण्याच्या दोन्ही अंगांना काटकोनात चिकटवायचे. आमच्याकडे अशा सतरा फ्रेम आहेत. कापायचं म्हणजे आरपार कापायचं नाही. सुरीने नुसता ओरखडा काढायचा आणि वाकवायचं, कट्कन आवाज येऊन शीट रेषेवरच तुटते. हे जमलं तेव्हा मला जे समाधान मिळालं ते गेल्या वर्षीच्या कुठल्याही स्टोरीने दिलेलं नाही. गोल कापताना मात्र घाम फुटतो.

चिकटवायला फेविकॉल चालत नाही. अॅक्रिलिकच्या पाट्या बनवणारे वापरतात तसलं सॉल्व्हंट लागतं. ब्रशने सांध्यावर टेकवलं की ते फटीत आपोआप धावतं, दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक विरघळवतं आणि वाळल्यावर दोन तुकड्यांचा एक होतो. वास भयंकर. खिडक्या सताड उघड्या, आणि काकूचा हुकूम की तेव्हा स्वयंपाकघरातला गॅस बंद. (तो हुकूम शंभर टक्के बरोबर आहे. पाळा.)

मधला भाग जवळजवळ सरळ नळाच आहे. खऱ्या मिगचा व्यास तिथे सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे आमचा साडेबारा सेंटिमीटर. त्यासाठी प्लंबरकडचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला. पातळ शीट त्याच्याभोवती गुंडाळायची, टेपने बांधायची आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. थंड झाली की वाकलेलीच राहते. सोडल्यावर थोडी उलगडते, म्हणून पाइप हव्या त्या मापापेक्षा जरा बारीकच घ्यायचा. नाकाकडे मात्र शीट दोन दिशांनी वळायला हवी. तिथे अख्खा तुकडा बसतच नाही, बोटभर रुंदीच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात.

माझी पहिली चूक साधी होती. ड्रॉइंग मोठं करायला मी दौंडातच झेरॉक्स काढली आणि मशीनने कागद एका दिशेला किंचित ताणला. गोल फ्रेम अंड्याच्या झाल्या. उपाय नंतर कळला. ड्रॉइंगवर आधी दहा सेंटिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची, झेरॉक्सवर दोन्ही पुन्हा मोजायच्या. सतरा फ्रेम परत कापल्या.

दुसरी चूक मात्र सॉलिड होती. एका शनिवारी मला डेडलाइन नव्हती आणि हात चांगला चालला होता. काका दुपारी झोपले तेवढ्यात मी उजव्या बाजूची सगळी कातडी लावून टाकली. म्हटलं, उठल्यावर सरप्राइज देऊ. दिसायलाही मस्त दिसत होती. पुढच्या शनिवारी आले तर काका टेबलाजवळ खुर्ची टाकून बसलेले. नाकापासून शेपटीपर्यंत त्यांनी एक दोरा ताणला होता आणि गवंड्याचा ओळंबा मागे टांगला होता. दोरा सरळ होता, विमान नव्हतं. नाक उजवीकडे वळलेलं आणि मागचा भाग पिळलेला. केळंच जणू. सॉल्व्हंटने विरघळलेलं प्लॅस्टिक वाळताना आकसतं. एकाच बाजूला एवढे सांधे एकदम केल्यावर ती बाजू अख्ख्या सांगाड्याला स्वतःकडे खेचते. डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक पट्टी, मध्ये रात्रभर थांबायचं, असं करायला हवं होतं.

मी म्हटलं, "काका, थोडंच आहे. पंख लावले की कळणार पण नाही. गॅरेजवाले लावतात ती लांबी भरून टाकू."

लांबी या शब्दावर काका पहिल्यांदा चिडले. मग बराच वेळ गप्प बसले, आणि मग एक गोष्ट सांगितली जी काकूलाही माहीत नव्हती. मिग पडल्याची बातमी पेपरात आली की ते आधी विमानाचा नंबर शोधायचे. आपण ज्याच्यावर काम केलं त्यातलंच तर नाही? नंबर कधीच छापलेला नसायचा. पायलटचं नाव असायचं, कधी वय, कधी गाव. "नाव वाचायचं आणि ड्युटीवर जायचं," ते म्हणाले.

मी घरी येऊन आकडे पाहिले. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली, १७१ पायलट गेले. हे सगळ्या प्रकारची मिग धरून, पण त्यात मिग-२१ चाच भरणा मोठा. विमान दशकानुदशकं वापरलं गेलं, तरुण पायलट ट्रेनरवरून थेट त्याच्यावर आले, इंजिन एकच, उतरण्याचा वेग प्रचंड. अशी बरीच कारणं दिली जातात. एका फिटरच्या हाताचा त्यात कुठे प्रश्न येतो, असं मला वाटतं. काकांना तसं वाटत नाही, आणि त्यांच्याशी वाद घालणारी मी कोण? ते मिगची बाजूही घेत नाहीत. शेजारच्या गृहस्थांना त्यांनी आजवर उलट उत्तर दिलेलं नाही. फक्त वाकडं विमान टेबलावर ठेवायला ते तयार नाहीत.

कातडी फाडली. फाडताना सहा फ्रेम तुटल्या. परत शिरूर, परत किलोवर शीट. वर्कशॉपच्या दादांनी या वेळी स्वतःहून विचारलं, "विमान कुठवर आलं?"

नवा सांगाडा आम्ही प्लायवूडच्या फळीवर, मधोमध रेघ मारून, खिळ्यांच्या आधाराने उभा केला. ओझरच्या भाषेत जिग. प्रत्येक फ्रेमला मोठी भोकं पाडली, कारण बंद कप्प्यात सॉल्व्हंटची वाफ अडकली की कातडी आतून मऊ पडते आणि महिन्याभराने विमानाच्या बरगड्या दिसायला लागतात, उन्हाळ्यातल्या गुरासारख्या. आणि काकांच्या हट्टाने मागचा भाग वेगळा केलाय. खऱ्या मिगचं इंजिन काढायचं तर शेपटीकडचा अर्धा भाग सोडवून चाकगाडीवर मागे ओढतात. आमचंही तिथेच सुटतं. आत इंजिन नाहीये, तरी.

आता डावी-उजवी करत कातडी पंखांच्या मुळापर्यंत आलीये. मापं काका घेतात, कापते मी. थरथरत्या हातांनी सुरी धरता येत नाही, पण दोरा छान ताणता येतो.

परवा पुढचा कप्पा बंद करायच्या आधी मी म्हटलं, "काका, आत पेन्सिलने सही करा ना. तारीख पण टाका. नंतर कुणाला दिसणार नाही."

"फिटरने सही करून चालत नाही," काका म्हणाले. "इन्स्पेक्टरचा शिक्का लागतो."

मी म्हटलं, दौंडात रबरी शिक्के करून मिळतात, आजच बनवून आणते. काकांनी चष्मा पुसला, पुढे वाकून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की नाकाकडून तिसरी फ्रेम अर्धा मिलिमीटर खाली आहे. ती आधी काढ.