रग्बीच्या निमित्तानें : गुणतक्ता कसा मांडावा?

अकलूजच्या माणसास कुस्तीचा निकाल समजावून द्यावा लागत नाहीं. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. फडाभोंवतीं बसलेल्या सर्वांना तें एकाच वेळीं दिसतें. परंतु जेव्हां पांचसहा संघ आपसांत खेळतात आणि त्यांतून दोनच पुढें जावयाचे असतात, तेव्हां निकाल मैदानावर पुरता लागत नाहीं. तो कोष्टकांत लागतो. हें कोष्टक पूर्वीं फळ्यावर खडूनें लिहीत. आतां तें बहुतेक वाचक हातांतील मोबाईलवर पाहतात. तें अर्धवट मांडलें, तर ज्यांनीं घाम गाळला त्यांच्यावर अन्याय होतो, असें आमचें मत आहे. आणि तें स्पष्ट करण्यासाठीं आम्हीं मुद्दामच आपल्याकडे फारसा परिचित नसलेला खेळ निवडला आहे.

सन २०२५ च्या जून महिन्यांत मुंबईस अंधेरी येथें सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग प्रथमच भरली. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं ती मोबाईलवर पाहिली. खेळ त्यांस दोन दिवसांत उमगला. कबड्डी खेळणाऱ्या मुलास अंगावर आलेला गडी अडविणें नवें नव्हे. अडलें तें गुणतक्त्यापाशीं. बरोबरीचे विजय असतांना एक संघ वर कां व दुसरा खालीं कां, असें त्यांनीं विचारलें, आणि हा प्रश्न आम्हांस रास्त वाटला.

रग्बीच्या साखळी सामन्यांत जिंकणाऱ्या संघास सामान्यतः ४ आणि बरोबरीस २ मिळतात. याखेरीज ज्यानें चार किंवा अधिक 'ट्राय' केले, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकविला, त्यास १ अधिक मिळतो. आणि जो सात किंवा त्याहून कमी गुणांनीं हरतो, त्यासही १ मिळतो. या शेवटच्या नियमाचें आपल्या लोकांस आश्चर्य वाटूं नये. सन २०१४ मध्यें सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्यें अनेक हंगाम हाच सातांचा नियम होता.

आतां सन २०१५ च्या विश्वचषकाची गोष्ट पाहा. जपाननें बलाढ्य दक्षिण आफ्रिकेस ३४–३२ असें हरविलें. त्या गटांत दक्षिण आफ्रिका, स्कॉटलंड आणि जपान या तिघांनींही चारांपैकीं तीन सामने जिंकले. तरी पहिले दोघे पुढें गेले आणि जपान घरीं परतला. नुसता विजयांचा रकाना पाहणारा वाचक म्हणेल कीं, येथें कांहीं लबाडी झाली. परंतु अधिक अंकांचा रकाना शेजारीं ठेवला, तर सारा उलगडा होतो : विजयांचे प्रत्येकीं १२, त्यांत आफ्रिकेचे ४, स्कॉटलंडचे २ आणि जपानचे शून्य अधिक. बेरीज १६, १४, १२. जपानच्या मुलांस याचें दुःख झालेंच असेल, पण तें कोणत्या रकान्यामुळें हें त्यांस ठाऊक होतें. वाचकास स्वतः बेरीज करून पाहतां येईल तोच तक्ता खरा.

वरील परिच्छेदांत आम्हीं एक शब्द जपून वापरला आहे. सामन्यांत मिळतात तेही 'गुण' आणि तक्त्यांत मिळतात तेही 'गुण', असें आपण बोलतों. त्यामुळें 'सात गुणांनीं मागें' याचा अर्थ लागत नाहीं. सामन्यांत मिळतील ते गुण आणि तक्त्यांत पडतील ते अंक, एवढा भेद मराठी वृत्तलेखकांनीं पाळावा. इंग्रजींतही हा घोटाळा आहे. पण इंग्रजींत चूक आहे म्हणून ती मराठींत आणलीच पाहिजे असें नाहीं. आद्याक्षरांचें प्रकरण तर याहून वाईट. 'प.' म्हणजे पराभव कीं पॉइंट? 'ब.' म्हणजे बरोबरी कीं बोनस? जागा वांचविण्यासाठीं अक्षरें तोडावयाचीं आणि अर्थासाठीं वाचकानें डोकें फोडावयाचें, हा व्यवहार आम्हांस महाग वाटतो.

मोबाईलचा पडदा अरुंद असतो. दहा रकान्यांचा तक्ता त्यांत मावत नाहीं आणि नेमका उजवीकडचा, एकूण अंकांचा रकाना दृष्टीआड जातो. तो संघाच्या नांवालगतच ठेवावा. गुणांचा फरक वगैरे मागाहून यावा. तक्त्याचें छायाचित्र काढून पाठविण्याचीही प्रथा पडली आहे. त्यांत '१' आणि '९' एकमेकांसारखे दिसतात, आणि ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं व जे यंत्राकडून मजकूर वाचून घेतात, त्यांस तर तें चित्र म्हणजे कोरा कागदच. अक्षरांनीं लिहावें, यास खर्च कांहीं नाहीं.

सर्वांत मोठा दोष मात्र वेळ न घालण्याचा. एका खो-खो स्पर्धेंत आमच्या मुली सकाळचा सामना हरल्या. थोड्या वेळानें मोबाईलवर तक्ता आला. त्यांत आपण तिसऱ्या आहोंत असें पाहून त्या सामान घेऊन बसस्थानकावर जाऊन बसल्या. वस्तुतः तो तक्ता सकाळपर्यंतचाच होता. दुपारीं वरचा संघ हरला आणि आमच्या मुलींस उपांत्य सामना मिळाला. एकीचे चुलते मैदानावर थांबले होते, त्यांनीं फोन केला म्हणून त्या धांवत परतल्या. वर्षभर पहांटे उठून केलेला सराव 'अमुक वाजेपर्यंतचे सामने' या एका ओळीच्या अभावीं वायां गेला असता.

न खेळलेला सामना खेळल्यासारखा दाखविणें हाही एक प्रमाद. सन २०१९ च्या जपानमधील विश्वचषकांत हागिबिस वादळामुळें तीन सामने रद्द झाले. नियमाप्रमाणें ते ०–० अशी बरोबरी धरून प्रत्येकास २ अंक देण्यांत आले. त्यामुळें तक्त्यांत इटलीच्या नांवावर न्यूझीलंडशीं बरोबरी दिसते. त्या बलाढ्य संघास इटलीनें रोखिलें, असें दहा वर्षांनीं एखादा विद्यार्थी खुशाल लिहील! अशा ठिकाणीं 'रद्द' हा शब्द लिहिलाच पाहिजे.

जुने निकाल नव्या हिशेबांत बसविण्याचा मोहही टाळावा. सन १८७१ मध्यें एडिंबरो येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा पहिला सामना झाला, तेव्हां ट्रायला कांहींच मोल नव्हतें. त्यानें गोलावर चेंडू मारण्याचा केवळ हक्क मिळे, आणि तें नांवही त्यावरूनच पडलें. आज त्याच ट्रायला ५ गुण आहेत. ते जुन्या सामन्यास लावले तर आकडा मिळेल, निकाल मिळणार नाहीं.

या खेळाचे नियम प्रथम सन १८४५ मध्यें रग्बी येथील शाळेंत विद्यार्थ्यांनींच लिहून काढले. तेव्हां आमच्या वर्गप्रतिनिधींस तक्ता नीट लिहिणें जड जाऊं नये. आमचेंही घर अगदीं स्वच्छ होतें असें नाहीं. मागील अंकांतून आम्हीं 'आमचा संघ विजयी झाला' एवढेंच छापीत आलों. कोणास हरविलें आणि किती गुणांनीं, हें सांगावयाचें राहून गेलें. समोरच्या गांवचीं मुलेंही तेवढ्याच उन्हांत खेळलीं होतीं. या वर्षींच्या क्रीडावृत्तांत दोन्ही संघांचीं नांवें, गुण व तारखा दिल्या आहेत. एका सामन्याचे गुण आम्हांस मिळाले नाहींत. तेथें आम्हीं रेघ मारली आहे, शून्य लिहिलेलें नाहीं.